दंडावरची चहाडी

मुंबईत माणसाकडे खासगी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, रक्तातली साखर. पगाराचा अंदाज सोसायटीच्या सेक्रेटरीला असतो, घरातली भांडणं भिंतीपलीकडच्यांना तोंडपाठ असतात आणि लोकलमध्ये शेजारचा आपला मोबाइल आपल्याआधी वाचून मोकळा होतो. साखर मात्र तीन महिन्यांतून एकदा लॅबच्या कागदावर यायची आणि त्या कागदाची घडी पाकिटात दडवता यायची. आता तेही सुख संपलं. मुलाने पुण्याहून माझ्या दंडावर चिकटवायला एक चकती पाठवली.

मला मधुमेह आहे, तोही वंशपरंपरेने. गावची जमीन भावकीत गेली, हा सातबारा मात्र माझ्या एकट्याच्या नावावर चढला. चकती दहाच्या नाण्याएवढी. तिच्याखाली केसाएवढी बारीक तार, ती कातडीखाली जाऊन बसते आणि दोन आठवडे हलत नाही. दर थोड्या वेळाने मोबाइलवर साखरेचा आकडा येतो, आकड्यांचा आलेख होतो. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण मुलाने ॲपमध्ये एक सोय शोधून काढली. माझा आकडा घरच्यांनाही दिसावा! म्हणजे पुण्यात त्याला, घरी हिला आणि काही कारण नसताना नाशिकच्या मेव्हण्याला.

दादरला गाडी बदलताना मी एक वडापाव खाल्ला. पुलाच्या पायऱ्या चढत होतो तेवढ्यात फोन.

"बाबा, काय खाल्लंत?"

"काही नाही रे, चहा घेतला."

"चहाने दोनशे दहा?"

"कटिंगच होता."

"बाबा, आलेख बघा. हा कटिंगचा डोंगर नाहीये."

मागून गर्दी ढकलत होती, पुढून मुलगा उलटतपासणी घेत होता. ही तार थेट रक्तात नसते, कातडीखालच्या पेशींभोवती जो द्रव असतो त्यातली साखर ती मोजते, आणि रक्तातली साखर त्या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. थोडक्यात, चहाडी जरा उशिरा पोचते. तेवढ्यात वडापाव संपवून हात पुसून होतो, हीच काय ती देवाची कृपा.

रात्रीचा प्रकार याहून वाईट. मी डाव्या कुशीवर झोपतो आणि चकतीही डाव्याच दंडावर. अंगाखाली दंड दाबला गेला की तिथला द्रव कमी होतो आणि यंत्राला वाटतं, साखर घसरली. खरं तर काहीही घसरलेलं नसतं. पण रात्री दोन वाजता भोंगा झाला आणि ही साखरेचा डबा घेऊन धावत आली. "अहो, तोंड उघडा!" झोपेत माणूस आज्ञाधारक असतो. दोन चमचे साखर पोटात गेली, मी कूस बदलली, आकडा आपोआप ठिकाणावर आला. मग ती खाल्लेली साखर चढली आणि साखर वाढल्याचा दुसरा भोंगा झाला. पुण्यातही झाला. नाशिकच्या मेव्हण्याने पहाटे 'काळजी घ्या भावजी' असा मेसेज टाकला, खाली हात जोडलेले.

सोसायटीत मात्र माझा भाव वधारला. लिफ्टमध्ये लोक दंडाला हात लावून बघतात. किराणावाल्याने विचारलं, "साहेब, याच्यावर पेमेंट होतं का?" चौथ्या मजल्यावरच्या काकांना मधुमेहाचा मागमूस नाही, तरी त्यांनी हजारो रुपये मोजून एक लावून घेतली. अमेरिकेत २०२४ साली अशी चकती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, तेव्हा हौस काही फक्त आमच्या काकांनाच नाही. दोन आठवड्यांच्या संशोधनाअंती त्यांनी जाहीर केलं की भात जास्त खाल्ला की साखर वाढते. काकू म्हणाल्या, "हे मी फुकट सांगत होते."

पण या चकतीत काम नक्की कोण करतं, हे एकाही माणसाने विचारलं नाही. त्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन असतं. ते साखर पकडतं, त्या क्रियेतून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, आणि त्या प्रवाहाचाच आकडा होतो. ही कल्पना १९६२ सालची. आणि हे एन्झाइम मिळतं कुठून, तर बहुधा काळ्या बुरशीपासून. पावसाळ्यात टोपलीतल्या कांद्यांवर काजळी धरते ना, तीच जात. मी कौतुकाने हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे बुरशी लावून झोपता तुम्ही माझ्या शेजारी?" आणि उशी घेऊन हॉलमध्ये गेली.

तिकडे फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, माझं इन्सुलिन गुपचूप पडून असतं. माझे आजोबा कांदा-लसूणही न शिवणारे. त्यांच्या काळी इन्सुलिन डुकराच्या नाही तर गाईच्या स्वादुपिंडातून काढत. आजोबांना हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही शहाण्यासारखं विचारलं नाही. मग ई. कोलाय या जिवाणूत माणसाचा जीन घालून त्याच्याकडूनच माणसाचं इन्सुलिन करून घ्यायला सुरुवात झाली. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जीन बदलून तयार केलेलं, बाजारात आलेलं हे पहिलं औषध. ज्या ई. कोलायच्या नावाने महापालिका पाण्याचे नमुने नापास करते, त्याच्याच भाऊबंदांनी जगभरच्या मधुमेह्यांना जगवलं. पण "वहिनी, जरा फ्रिज उघडा, इन्सुलिन बघू द्या" म्हणत कुणी आमची बेल वाजवलेली नाही. त्याला स्क्रीन नाही ना!

माझं ऑफिस परळला. वाटेवर हाफकिन संस्था. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगने मुंबई ओस पडत असताना, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप भरला, दुखलंही. पण त्याच्या तापाचा आलेख नाशिकच्या कुणा मेव्हण्याला दिसत नव्हता, म्हणून बिचाऱ्याला शांतपणे कण्हता तरी आलं. त्याच परळमधलं टाटा रुग्णालय आणि पवईची आयआयटी यांनी मिळून भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती उभी केली, नेक्सकार-१९. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि खर्च परदेशाच्या मानाने कितीतरी कमी. हे मी आमच्या गाडीच्या ग्रुपमध्ये रंगवून सांगितलं. सगळे गप्प झाले. मला वाटलं, भारावले. मग खिडकीतला म्हणाला, "वा! ॲप आहे का त्याचं?"

त्याचीही काय चूक म्हणा. मोबाइल दरवर्षी नवा येतो, खोक्यातून काढताना सर्रकन आवाजही करतो. बायोटेकचं काम वर्षानुवर्षं चालतं आणि यशस्वी झालं की काहीच होत नाही. माणूस मरत नाही, एवढंच. त्याचा व्हिडिओ काढणार कसा?

परवा ठाण्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत बसण्याआधी मी कोपऱ्यात जाऊन पोटाला इन्सुलिनचं पेन टोचलं, कुणी मान वर केली नाही. पानावर बसून मोबाइल शेजारी ठेवला मात्र, आणि निम्मी पंगत माझ्याभोवती गोळा झाली. जिलबी आली. आकडा एकशे चाळीस. मामा म्हणाले, एकशे नव्वद गाठणार. मावशीने पन्नास रुपये दोनशे वीसवर लावले आणि वाढप्याला दरडावलं, "याला अजून दोन घाल रे!" कुणाची सून व्हिडिओ काढत होती, पुण्याहून फोन वाजत होता तो मामांनी परस्पर कापला. आकडा एकशे ऐंशीपर्यंत गेला, तिथे घुटमळला आणि खाली यायला लागला.

मावशीने चष्मा पुसून पुन्हा स्क्रीन बघितला. मग माझ्याकडे.

"काय रे, जेवणाआधी काही टोचून आलास का तू?"

"हो, इन्सुलिन."

"मेल्या," मावशी म्हणाली, "आधी सांगायचं नाहीस? माझे पन्नास रुपये घालवलेन त्यानं!"