चौकातल्या संत्र्याला डिंक्या

वरूड-मोर्शी-काटोल या विदर्भाच्या संत्रापट्ट्यात चौकात फायबरचं संत्रं बसवणं म्हणजे धाडसच. येणारा-जाणारा प्रत्येक जण या विषयातला जाणकार. आमच्याकडच्या संत्र्याचा (गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही) निकाल फीत कापतानाच लागला: "हे संत्रं नाही बाप्पा, भेदरं (टोमॅटो) होय!"

आक्षेप रास्तच. नागपुरी संत्रं वरून-खालून चपटं, साल ढिली, देठाशी उंचवटा. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचा मूर्तिकारानं गरगरीत चेंडू केला. पुढं उन्हानं रंग उडून त्याची मोसंबी झाली.

पावसाळ्यात बुडातून तांबडे ओघळ सुटले. "डिंक्या!" बागाईतदारांनी जाहीर केलं; म्हणजे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग. ट्रकच्या धुरानं माथा काळा पडला, ती कोळशी (काळी बुरशी). देठाचं पान निखळलं, ती फळगळ. उपायही तोंडपाठ: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, हा बोर्डो मलम चबुतऱ्याला मीटरभर उंच फासा, पावसाळ्याआधी अन् नंतर.

खरं दुखणं आत आहे. लोखंडी सांगाड्याला गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावलेलं नाही, सांध्यातून पाणी शिरतं आणि बुडाला निचऱ्याचं भोकच नाही. त्यात काम भर मे महिन्यातलं. फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट अन् ती भिजवणारं रेझिन; मॅटच्या दुप्पट-अडीचपट वजनाचं रेझिन लागतं, त्यात ते घट्ट करणारा हार्डनर दीड-दोन टक्के. विदर्भाच्या 45 अंशांत हे मिश्रण डब्यातच घट्ट होतं. म्हणून हार्डनर कमी घ्यायचा, थोडं-थोडं कालवायचं आणि पहाटेच उरकायचं. दुपारी केलं की रोलर फिरायच्या आत बुडबुडे अडकतात. पुढं तिथंच फोड येतात, पापुद्रे सुटतात.

रंगाचंही शास्त्र आहे. साच्यातून सुटायला लावलेलं मेण थिनरनं पुसायचं, 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं, मग इपॉक्सी प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात, वर ऊन सोसणारा क्लिअर कोट. आमच्याकडची पद्धत सुटसुटीत: 25 जानेवारीची रात्र, शिडी आणि कुठल्याशा गेटचा उरलेला ऑइल पेंट. मेणावर तो टिकतोच कशाला! होळीपर्यंत नखानं सोलता येतो. संत्र्याशी साम्य काय ते एवढंच.

बुडाला भोक पाडायला 12 मिमीचा ड्रिल आणि पाच मिनिटं पुरेत. ते अंदाजपत्रकात बसत नाही म्हणतात. संत्र्याभोवती कारंजं मात्र मंजूर झालंय.