ती जागा ओसाड नव्हती: लास वेगासच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लास वेगासच्या पहिल्या रहिवाशांवरच्या लेखाबद्दल आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले आक्षेप तीन. एक, हे शहर बग्झी सीगल या गुंडाने १९४६ मध्ये ओसाड वाळूत उभं केलं, त्याआधी तिथे चार गुरं आणि दोन झोपड्या होत्या. दोन, तिथल्या जुन्या रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतवाडीच्या मालकीण हेलन स्ट्यूअर्ट यांना लेखात उगाच मोठं केलं. नवऱ्याची जमीन त्यांना आयती मिळाली आणि ती विकून त्या मोकळ्या झाल्या. तीन, शेजारच्या रँचवरच्या कील बंधूंच्या मृत्यूचा उलगडा १९०० मध्येच झाला होता, मग त्यात संशय कशाला काढायचा?

सुरुवात पाण्यापासून करायला हवी, कारण त्या खोऱ्याच्या इतिहासातला प्रत्येक व्यवहार शेवटी पाण्यापाशी येतो. तिथे जिवंत झरे होते, झऱ्यांखाली ओढा आणि गवताची कुरणं होती. दक्षिण पायूट हे मूळनिवासी लोक पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावर राहत, थोडी शेतीही करत. १८२९-३० मध्ये न्यू मेक्सिकोहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या व्यापारी तांड्यांची वाट या भागातून पडली आणि पुढे हे झरे त्या वाटेवरचा ठरलेला मुक्काम झाले. १८४४ च्या मे महिन्यात अमेरिकी लष्करातला सर्वेक्षक जॉन फ्रेमाँट याच्या मोहिमेचा तळ इथेच पडला. जून १८५५ मध्ये विल्यम ब्रिंगहर्स्टच्या नेतृत्वाखाली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे ३० जण आले आणि त्यांनी कच्च्या विटांचा, सुमारे १५० फूट बाजूचा चौकोनी कोट बांधायला घेतला.

हा कोट दोनच वर्षांत का मोडला, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. पाणी होतं, पण जमीन खारवट. दुसरा घाव शिशाच्या खाणीचा. जवळच्या पोटोसी डोंगरातलं शिसं काढायला १८५६ मध्ये नेथॅनिएल जोन्सला पाठवलं गेलं. खनिजात जस्त मिसळलेलं होतं. त्यामुळे शिसं ठिसूळ निघे आणि भट्टीत बराच माल वाया जाई. खाणीपाशी पाणी आणि चारा नव्हता, म्हणजे दोन्ही गाड्यांनी ओढून न्यायचं. त्यात माणसं कोणाच्या हुकमात, यावरून जोन्स आणि ब्रिंगहर्स्ट यांचं जुंपलं. १८५७ मध्ये सगळं गुंडाळावं लागलं.

आता हेलन स्ट्यूअर्ट यांच्याकडे. जमीन ‘आयती’ कशी आली ते बघा. कोटाच्या पडक्या भिंतींच्या आधाराने १८६५ पासून ऑक्टेव्हियस गॅस याने रँच उभी केली. तो अ‍ॅरिझोना टेरिटरीच्या विधिमंडळात बसत असे, कारण हा पट्टा तेव्हा अ‍ॅरिझोनात होता. १८६६ च्या कायद्याने काँग्रेसने तो नेव्हाडाला दिला आणि नेव्हाडाने मागच्या वर्षांचा करही मागायला सुरुवात केली. पैशाची ओढ वाढत गेली आणि १८७९ मध्ये गॅसने रँच गहाण ठेवून पिओच गावच्या आर्चिबाल्ड स्ट्यूअर्टकडून, म्हणजे हेलन यांच्या नवऱ्याकडून, ५,००० डॉलर सोन्यात घेतले. व्याज दरमहा शेकडा अडीच. म्हणजे महिन्याला १२५ डॉलर, वर्षाला १,५००, मुद्दल तसंच उभं. गुरं आणि द्राक्षं यांचा पैसा हंगामात येतो, व्याज मात्र दर महिन्याला दारात उभं राहतं. मुदत वाढवूनही कर्ज फिटलं नाही आणि १८८१ मध्ये रँच स्ट्यूअर्टच्या हातात गेली.

शेजारच्या रँचचा कॉनरॅड कील हा गॅसचा जुना मित्र. स्ट्यूअर्टने मित्राला नाडलं, असा राग त्याच्या मनात होता. जुलै १८८४ मध्ये स्ट्यूअर्ट बाहेरगावी असताना शायलर हेन्री नावाचा गडी काम सोडून मजुरी मागायला उभा राहिला. हेलन यांना हिशेब ठाऊक नव्हता, त्यांनी थांबायला सांगितलं. त्यावर तो अर्वाच्य बोलला आणि कीलच्या रँचवर जाऊन राहिला. स्ट्यूअर्ट परतल्यावर १३ जुलैला बंदूक घेऊन तिकडे गेला आणि तिथेच मारला गेला. नवऱ्याचं प्रेत घेऊन जा, अशी कीलची चिठ्ठी हेलन यांच्या हाती पडली. तिच्यात आडनावसुद्धा चुकीचं लिहिलेलं होतं. लाकूड नव्हतं म्हणून घराची दारं काढून शवपेटी केली. त्या वेळी हेलन तीस वर्षांच्या, चार मुलं पदरात आणि पाचवं पोटात. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीने कोणावरही आरोप ठेवला नाही.

आणखी एक अडचण होती, जी आपल्याकडच्या वाचकांना सातबाऱ्यावरून लगेच कळेल: मृत्युपत्र नव्हतं. जमिनीवरचा हक्क कोर्टातून स्वतःच्या आणि मुलांच्या नावाने सिद्ध करावा लागला. त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं हेलन यांनी ही रँच चालवली. वाटसरूंना मुक्काम, गुरं, फळं, १८९३ पासून पोस्टाचं काम, आणि सवड मिळेल तशी शेजारची जमीन खरेदी. १९०२ मध्ये विकली ती नुसती वारशाची रँच नव्हती. सुमारे १,८०० एकर आणि पाण्याचे हक्क होते, किंमत ५५,००० डॉलर. घराण्याची दफनभूमी मात्र व्यवहारातून वगळली. पुढे १९११ मध्ये १० एकर जमीन पायूटांच्या वस्तीसाठी ५०० डॉलरला सरकारच्या नावे करून दिली. या बाईंना ‘मोकळ्या झाल्या’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

घेणारा होता सिनेटर विल्यम क्लार्कची रेल्वे कंपनी. तिने गाव कसं बसवलं ते पाहिलं की सीगलच्या आधीच शहराचा नकाशा ठरला होता हे दिसतं. १५ मे १९०५ ला रेल्वेच्या जागेत, रणरणत्या उन्हात, सुमारे १,२०० भूखंडांचा लिलाव सुरू झाला. भूखंड २५ फूट रुंद आणि १४० फूट खोल, क्षेत्र ११० एकर. दोन दिवसांत २,६५,००० डॉलरची विक्री, म्हणजे पूर्ण रँचच्या किमतीच्या जवळपास पाचपट. खरेदीखतांत दारूबंदीची अट घातली आणि ब्लॉक १६ व १७ तेवढे वगळले. म्हणून दारूचे गुत्ते, जुगार आणि पुढे वेश्यावस्ती ब्लॉक १६ मध्ये गोळा झाली. रुळांच्या पश्चिमेला जे. टी. मॅकविल्यम्स या सर्वेअरने आधीच वस्ती आखली होती. कंपनीने रेडवूड लाकडाचे नळ टाकले, पण फक्त स्वतःच्या भूखंडांपर्यंत. मॅकविल्यम्सची तंबू आणि लाकडी खोपटांची वस्ती विहिरींवर राहिली आणि सप्टेंबर १९०५ च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. लिलावात हरलेली नव्हे, नळ न मिळालेली वस्ती संपली. पुढे गावात आर्टेशियन, म्हणजे दाबाने पाणी आपोआप वर येणाऱ्या, विहिरी इतक्या बेफिकिरीने खोदल्या आणि वाहत्या सोडल्या की भूजल उतरत गेलं. १९६२ मध्ये ते मूळ झरे वाहायचे थांबले.

जुगाराचं म्हणाल, तर नेव्हाडात तो १९ मार्च १९३१ ला पुन्हा कायदेशीर झाला. दुसऱ्याच दिवशी लास वेगासमधला पहिला परवाना मेमी स्टॉकर यांना, नॉर्दर्न क्लबसाठी मिळाला. नवरा रेल्वेत नोकरीला, आणि रेल्वेला नोकरांचा असला धंदा खपत नव्हता, म्हणून सगळं बायकोच्या नावावर. त्याच वर्षी हूव्हर धरणाचं काम सुरू झालं आणि पगार हातात असलेले मजूर शनिवार-रविवारी गावात येऊ लागले, कारण त्यांच्या बोल्डर सिटीत जुगाराला बंदी होती. महामार्गावर ‘एल रँचो वेगास’ हे जुगारी हॉटेल एप्रिल १९४१ मध्ये उघडलं, ‘लास्ट फ्रंटियर’ १९४२ मध्ये. सीगलच्या नावाशी जोडलं जातं ते ‘फ्लेमिंगो’ हॉटेल, पण त्याची कल्पना आणि सुरुवात हॉलिवूडमधल्या एका वृत्तपत्राचा मालक बिली विल्करसन याची. सीगल चालू कामात शिरला, खर्च काही पटींनी वाढवला, २६ डिसेंबर १९४६ ला हॉटेल उघडलं आणि २० जून १९४७ ला मारला गेला. फ्लेमिंगो महत्त्वाचं आहे, त्याने हॉटेलांची चैन बदलली. पण तो त्या रस्त्यावरचा तिसरा मोठा जुगारी मुक्काम होता.

शेवटी कील बंधू. कॉनरॅड कीलचे मुलगे एडविन आणि विल्यम ऑक्टोबर १९०० मध्ये त्यांच्या रँचवर मेलेले सापडले. एका भावाने दुसऱ्याला मारून स्वतःवर गोळी झाडली, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला आणि आपण तोच मांडला आहे. १९७५ मध्ये नेव्हाडा विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी दोघांचे सांगाडे उकरून हाडं तपासली. जखमांच्या जागा पाहता आत्महत्या शक्य नव्हती. दोघांचाही खून झाला होता. खटला कोणावरच चालला नाही. त्यामुळे लेखातला ‘संशयास्पद’ हा शब्द मी तसाच ठेवत आहे.