घसा बरा झाला म्हणजे विषय संपला असं नसतं
घशाचं इन्फेक्शन गेलं की त्याविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडीजचा (जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा) धोकाही टळतो, हे घशाच्या इन्फेक्शननंतर मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. माझ्या भाचीचा घसा दुखून कधीच बरा झाला होता आणि त्यानंतर काही महिन्यांनी तिचे हात, तोंड आपोआप हलायला लागले, पेला धरला की निम्मं पाणी फ्रॉकवर, अक्षर पार बिघडलं, झोपली की मात्र सगळं शांत. शाळेत बाई म्हणाल्या मुद्दाम चाळे करते, पोरगी रडून रडून बेजार. तो सिडनहॅम कोरिया (अंग आपोआप हलायला लावणारा आजार) निघाला, घशाचं इन्फेक्शन करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीज मेंदूतल्या बेसल गँग्लियावरच (हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागावर) उलटतात आणि हे १ ते ६ महिन्यांनी दिसतं, त्यामुळे तोवर एएसओ टेस्टसुद्धा (या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडीज मोजणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकते.

आणि लेखात सगळा भर १९९८ नंतरच्या पँडासवर (याच जंतूच्या इन्फेक्शननंतर मुलांमध्ये अचानक मंत्रचळ किंवा झटके देणाऱ्या सवयी सुरू होणं), ज्यावर डॉक्टरांमध्येच अजून वाद आहेत, पण कोरिया हा रुमॅटिक फीव्हरचा (याच घशाच्या इन्फेक्शननंतर सांधे, हृदय, मेंदूवर परिणाम करणाऱ्या आजाराचा) भाग आहे आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात याचा उल्लेखच नाही! आपल्याकडे हा आजार अजून आहे हो. मूल असं हलायला लागलं तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच, आणि डॉक्टरांनी दर ३ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलं असेल तर हलणं थांबलं म्हणून ते मधेच बंद करू नका.