कुंपणाने शेत खाल्लं

गेल्या रविवारी आमच्या सामाईक नोंदवहीत माझ्या नावापुढे लिहिलं गेलं : 'लावलेली देशी रोपं 40. जगलेली 3. नव्याने वाढवलेली परदेशी झाडं 97.' ही 97 मी लावली नव्हती. म्हणजे लावली होती, पण झाडं म्हणून नाही.

मुळशीकडे आम्ही कोथरूड-कर्वेनगरच्या सात घरांनी मिळून अकरा एकर डोंगरउतार घेतलाय. बंगले बांधायला नाही, रान राखायला. शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून कुंडीतली तुळसही कधी न जगवलेल्या आम्ही सातही जणांनी आपापल्या आजोबांचे सातबारे उकरून काढले. मी दापोलीकडच्या तीन गुंठ्यांतल्या बाराव्या हिश्श्याचा शेतकरी आहे. तेवढ्यात आमची गाडी उभी केली तर दार उघडताना चुलतभावाची परवानगी लागेल.

दर रविवारी साडेसहाला निघायचं. चांदणी चौकापर्यंत मुलीची कुरकुर, पौडला वडापाव. बायको उतारावर पोचली रे पोचली की लाकडी ए-फ्रेम, म्हणजे उतारावर समपातळी शोधायची ए-आकाराची चौकट, घेऊन पाणी अडवणाऱ्या समतल चरांच्या रेषा आखत फिरते. माझ्याकडे रोपं. गुरं खातात म्हणून प्रत्येक रोपाभोवती तीन खुंट, असे 120 खुंट मी गावातून विकत आणले. पैसे मोजून.

गेल्या जुलैत ते पुरत होतो तेव्हा बांधावर शेजारच्या खाचराचे मामा बसले होते. चार शेळ्या, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ.

"काय चाललंय, सायेब?"

"झाडं लावतोय, मामा. देशी. हिरडा, बेहडा, जांभूळ."

"हां." मग तंबाखू मळण्यात दोन मिनिटं. "आन ह्ये खुंट?"

"कुंपण."

"बरं हाय, बरं हाय. जरा खोल पुरा. आन वरचं टोक वरच ठिवा. उलटं नका लावू."

मी गहिवरलो. परक्या माणसाच्या कुंपणाची केवढी काळजी! दहाबारा उलटे गेलेले खुंट मी पुन्हा काढून सुलटे केले. मामांनी मान डोलावली आणि पिंक टाकली.

ते खुंट उंदीरमारीचे होते. पुस्तकात जिला गिरिपुष्प म्हणतात ती. मूळची मध्य अमेरिकेतली. ओली फांदी तोडून पावसात खोचली की मूळ धरते. उलटी खोचली तर नाही. वेताळ टेकडीवर उभं राहून मी वीस वर्षं "काय हिरवंगार आहे!" म्हणत छाती भरून श्वास घेतलाय, त्यातलीही बरीच हिरवाई हिचीच. असो. हिरडे वाळले, बेहडे वाळले, खुंट माझ्या खांद्याला लागले.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"मंग? शेंबड्या पोराला बी ठावं."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कुठं? म्हनलं, शिकल्याली मानसं हायती. कायतरी योजना आसंल."

आमचे नोंदवहीवाले काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी 'योजना' हा शब्द ऐकला आणि सगळ्यांदेखत हसले. माझी मुलगीही हसली, जी एरवी त्या जागेवर वर्षभर हसलेली नाही.

माझी हरकत हसण्याला नाही. समोरच्या डोंगराला तीन महिने जेसीबी लागलाय. सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी सपाट करून तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडलेत आणि कमानीवर लिहिलंय 'देवराई'. ती कारवी कोणाच्या नावापुढे लिहायची? तिथे काका वही घेऊन जात नाहीत. माझे खुंट मात्र त्यांनी दोनदा मोजले. पहिल्यांदा 96 भरले होते.

मामांनी तोडगा काढला. "उपटू नका. छाटा. पाला माज्या खाचरात जाईल, चिखलनीला. ब्येस खत व्हतं." काका म्हणाले, परदेशी म्हणजे परदेशी, मुळासकट काढायचं. कोणी? ज्याने लावलं त्याने.

दुपारपर्यंत 31 निघाले आणि माझी कंबर गेली. मी जांभळाखाली, म्हणजे जांभूळ जिथे असायला हवं होतं तिथे, आडवा झालो. मामांनी उपटलेली सगळी झाडं गोळा केली, कोयत्याने फांद्या सवळल्या आणि आमच्या सामाईक बांधावर, हातभर आमच्या बाजूला, एकेक पुरत गेले. वरचं टोक वर ठेवून.