१ ग्रॅमचं जिग नदीत तळाला पोचत नाही

पर्च मासे अगदी हलक्या साधनांनी पकडण्यावरच्या लेखात म्हटलंय की पर्चसाठी असं अल्ट्रालाइट करायचं तर जिगहेड, म्हणजे वजन लावलेला गळ, १ ग्रॅमच्या वर नकोच. कालव्यात ठीक आहे हो, तिथं पाणी जवळजवळ उभंच असतं. पण मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ थेम्स नदीवर जातो आणि तिथं पाऊस होऊन गेल्यावर १ ग्रॅमचं जिग तळाला जायच्या आधीच प्रवाह त्याला ओढून नेतो, दोरीला पोट पडतं आणि मासा टोचला तरी हाताला कळत नाही. पर्च तर बऱ्याचदा तळाशीच असतात, पुलाच्या खांबामागे, बांधून ठेवलेल्या बोटींखाली, जिथं पाणी जरा संथ असतं तिथं. म्हणून मी २-३ ग्रॅम लावतो, पाणी चढलेलं असेल तर ५ पण, रॉड ७ ग्रॅमपर्यंत वजन फेकणारा असला की काही अडचण नाही. अल्ट्रालाइटची खरी मजा बारीक ब्रेड (विणलेली दोरी), दोन इंची रबरी लूअर (नकली आमिष) आणि मऊ टोकाचा रॉड यात आहे, वजन पाणी बघून ठरवा ना!

आणि पाइक या दातेरी शिकारी माशाबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती. पर्च असतात तिथं बऱ्याचदा पाइकही असतो, गळाजवळची फ्लुरोकार्बनची दोरी तो दातांनी सहज कापतो आणि मग गळ त्याच्या तोंडात तसाच राहतो, मला हे अजिबात पटत नाही. गळाच्या आधी बारीक वायर ट्रेस, म्हणजे तारेचा तुकडा, लावा, चावे थोडे कमी झाले तरी चालतील.