खुर्ची उचलायची नसते

तुम्ही बदली होऊन नगरला आलात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये मागून तिसऱ्या बाकावर बसलेले दिसलात. आनंद झाला. पण उपासना संपल्यावर तुम्ही जे केलंत ते पाहून काळजात चर्र झालं. तुम्ही एक प्लॅस्टिकची खुर्ची उचललीत आणि भिंतीशी नेऊन ठेवलीत. मग दुसरी.

असं करायचं नसतं हो. एकदा खुर्ची उचलली की माणूस कायमचा खुर्च्या उचलणाऱ्यांत जमा होतो. आमच्या मंडळीत दोनशेच्या वर घरं आहेत आणि खुर्च्या उचलणारे आहेत साडेतीन. एक घंटा वाजवणारे काका, दोन अकरावीतली पोरं (त्यांना अजून कळलेलं नाही) आणि महिला मंडळातल्या एक मावशी, ज्यांना गुडघ्यांमुळे अर्ध्याच धरतो. बाकी सगळे आधारस्तंभ. स्तंभ वाकत नसतात. तुम्हालाही स्तंभ व्हायचं असेल तर वेळ हीच आहे. हार्वेस्टपासून, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानायच्या सणापासून, नाताळ आणि एकतीस डिसेंबरपर्यंतचा हंगाम तोंडावर आला आहे, आणि मंडळीतली पत ठरते ती याच अडीच महिन्यांत.

सुरुवात सूचनांपासून करा. आमच्याकडे उपदेश वीस मिनिटांचा आणि सूचना पंचवीस मिनिटांच्या. सेक्रेटरीसाहेब खिशातून चिठ्ठ्या काढतात, एक वाचतात, दुसरी वाचतात, चष्मा काढून खिशात ठेवतात, लोक आशीर्वादासाठी उभे राहतात, आणि मग साहेबांना आठवतं, "हां, एक राहिलंच." लोक खाली बसतात. बुधवारी कुटुंब-प्रार्थना, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी गायकवर्गाचा सराव, महिला मंडळाची सभा, तरुण संघाची सहल, शब्बाथ शाळेच्या मुलांचं नाटक, त्यासाठी तीन मेंढपाळ आणि एक गाढव हवं आहे. तुम्ही वही काढून सगळं लिहून घ्यायचं. नुसतं लिहिल्यानेच निम्मी हजेरी लागते. आणि बाहेर पडताना कुणी "बुधवारी येणार ना?" असं धरलंच, तर शांतपणे म्हणायचं, "प्रभूची इच्छा असेल तर." कामातून अंग काढून घ्यायला याहून भक्कम वाक्य मराठीत नाही. बुधवारी तुम्ही आला नाहीत, तर तो तुमचा आळस ठरत नाही.

नंतर लोक तुमचं मूळ विचारतील. घाबरू नका, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी नगरला आले 1831 साली. तुमचे खापरपणजोबा बहुधा त्याच आठवड्यात ख्रिस्ती झाले असावेत. निदान आमच्या सगळ्यांचे तरी झाले. खापरपणजी मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळेत शिकली असं सांगा. ही शाळा पाहून गेल्यावर जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळा खरीच थोर. पण आमच्या मंडळीतल्या जेवढ्या खापरपणज्या तिथं शिकल्या, त्यांचा हिशेब मांडला तर वर्ग वाडिया पार्कच्या मैदानावर भरवावे लागले असते. "ज्ञानोदय" हा मिशनचा अंक 1842 साली नगरलाच सुरू झाला, हेही बोलण्यात कुठंतरी टाकून द्या. अंक वर्गणी भरून घरी येतो का, असं कुणी विचारत नाही.

यानंतर हलक्या आवाजात येणारा प्रश्न असा: "पण तुम्ही मूळचे अमेरिकन मिशनचे की एस. पी. जी.चे?" (एस. पी. जी. म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचं मिशन.) तुम्ही म्हणाल, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चं एकत्र आली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आता हे कशाला? कारण, साहेब, मुलीचं लग्न ठरवायचं असतं. त्या दिवसापासून आपण नगरकर कागदोपत्री उत्तर भारतात राहतो, हे आम्ही एका दमात मान्य केलं. पण पलीकडच्या बाकावरचे आणि आपण एकच, हे पचायला थोडा वेळ लागणारच. पन्नास-पंचावन्न वर्षं म्हणजे काही फार नाही.

आता हार्वेस्ट. इथं नीट लक्ष द्या, कारण वर्षभराची अब्रू या एका सकाळी कमावता येते, तीही उधारीवर.

वेदीपुढे ऊस उभे केलेले असतात, केळीचा घड, ज्वारीची कणसं, शेवग्याच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या, कुणाच्या तरी सुनेनं केलेला तीन मजली केक. उपासनेनंतर मांडवात लिलाव. लिलाव पुकारायला निवृत्त मास्तर, कारण चाळीस वर्षं वर्गावर ओरडून त्यांचा गळा तयार आहे. गेल्या वर्षी त्यांनी एक दुधी भोपळा वर धरला. बरा होता, हातभर लांब, देठाशी थोडा वाळलेला. बाजारात तीस रुपये. मास्तर म्हणाले, "एकशे एक!" पहिल्या रांगेतून दोनशे. दुसऱ्या रांगेतून पाचशे. पहिल्या रांगेनं मागं वळून पाहिलं. या दोन घरांत 1998 सालच्या कमिटीच्या निवडणुकीपासून बोलणं नाही, त्यामुळे जे काही सांगायचं ते त्यांना भाजीपाल्यातून सांगावं लागतं. सातशे. हजार. "अकराशे!" "पंधराशे!" दुधी मास्तरांच्या हातात घामेजला. एकवीसशेवर तीन वार झाले, टाळ्या पडल्या आणि जिंकलेल्या साहेबांनी दोन्ही हात जोडून तो चर्चलाच परत दिला. पुन्हा टाळ्या. दुधी पुन्हा लिलावात.

गावरान कोंबडीचंही तेच. पाय बांधलेल्या अवस्थेत ती तीनदा विकली गेली, तीनदा दान झाली, आणि दुपारपर्यंत तिची एकूण किंमत शेळीच्या पुढं गेली. चौथ्यांदा मास्तरांनी उचलली तेव्हा तिनं पाय मोकळे करून घेतले आणि थेट पाळकबाईंच्या खुर्चीखाली शिरली. तिला बाहेर काढायला काका गुडघ्यांवर रांगत गेले. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी उभं राहून मार्गदर्शन केलं.

तेव्हा बोली लावा, मोठ्यानं लावा, आणि रक्कम सांगताना शेवटी "एक" जोडा. एकाचं नाणं देणगीला शोभा आणतं. पैसे तिथल्या तिथं मोजायची घाई नको. लिलावात बोलायचं असतं, मोजायचं नसतं. खजिनदार वहीत नाव लिहून घेतात आणि ईस्टरपर्यंत "आठवण" या मथळ्याखाली ते दर महिन्याला वाचून दाखवतात. म्हणजे दान एक आणि उल्लेख सहा.

एक धोक्याची सूचना. लिलावाच्या शेवटी, लोक जेवणाच्या रांगेकडे सरकू लागतात तेव्हा, भिंगारकडून चालत येणारी एक म्हातारी पदराच्या गाठीतून चार अंडी काढून टेबलावर ठेवते. मास्तर घाईघाईत "वीस, वीस, कुणी तीस?" म्हणतात. तिथं बोली लावायच्या भानगडीत पडू नका. समोरून कुणी चढवत नाही, टाळ्या पडत नाहीत, आणि अंडी हातात घेऊन घरी जावं लागतं. विधवेच्या दोन टोल्यांवरचा, म्हणजे गरिबीतून दिलेल्या दोन नाण्यांवरचा, उपदेश आपण त्याच सकाळी डोळे मिटून ऐकलेला असतो, तेवढं पुरे.

कायमस्वरूपी दान द्यायचं मनात असेल तर पंखा द्या. "उजव्या हाताचं डाव्याला कळू नये" हे वचन पाळून नाव रंगवायची सोय फक्त पंख्यात आहे. तिन्ही पात्यांवर लिहून घ्या: "ख्रिस्तवासी आजोबांच्या स्मरणार्थ", मधल्या पात्यावर आजोबांचं नाव, तिसऱ्यावर तुमचं, हुद्द्यासकट. पंखा फिरतो तेव्हा कुणाला काही वाचता येत नाही. वचन पाळलं गेलं. वीज गेली की सगळी मंडळी वर बघते. आमच्या चर्चमध्ये असे चौदा पंखे आहेत आणि झाडू दोन. झाडूच्या दांड्यावर नाव मावत नाही, त्याला कोण काय करणार.

कमिटीत जरूर या, पण "सल्लागार" किंवा "मार्गदर्शक" म्हणून. नाताळ समिती, सजावट समिती, जेवण समिती, आणि मागच्या वर्षीच्या जेवण समितीचा हिशेब तपासणारी समिती, सगळीकडे ही पदं रिकामी असतात आणि नसली तर काढता येतात. सभेत दर वेळी एकच मुद्दा मांडा: "तरुणांना पुढं आणलं पाहिजे." तरुण पुढं आले की त्यांना खुर्च्या लावायला पाठवा.

संगीताचं भांडण दर नोव्हेंबरात होतं, त्यात पक्ष आधीच ठरवून ठेवा. पेटी-तबला की कीबोर्ड-ड्रम? मी पेटीवाल्यांत आहे. आमच्या बाजूनं टिळक आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले, नगरशी नातं असलेले. इंग्रजी चालींवर मराठी शब्द कसेबसे कोंबून गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि ओवीच्या वाटेनं नेलं, आमच्या गीतांच्या पुस्तकात ते पानोपानी भेटतात. (हे मी खरंच मनापासून सांगतो आहे, उपरोध नाही. ती भजनं पहाटे पेटीवर लागली की माझ्यासारख्याचाही घसा दाटतो.) तर, वादात "टिळकांनी काय सांगितलं?" एवढं विचारलं की कीबोर्डवाली पोरं गप्प होतात. पोरांनी कधी उलट विचारलं, "काका, दुसरं कडवं म्हणा," तर खोकला काढा. भांडणाचा निकाल दर वर्षी एकच लागतो: दोन्ही वाजतात, एकाच वेळी, अर्ध्या पट्टीच्या फरकानं.

प्रार्थनेचे विषय देताना कुणाचं नाव घ्यायचं नाही, ते शिष्टाचाराला धरून नाही. "पिठाच्या गिरणीसमोरच्या, निळ्या गेटच्या घरात, थोरल्या सुनेच्या बाबतीत प्रभूनं मार्ग काढावा," एवढंच म्हणायचं. प्रभूला पत्ता माहीत असतो; बाकीच्यांचीही गैरसोय होत नाही. साक्ष द्यायला उभे राहिलात तर मुलाच्या कॅनडाच्या व्हिसापासून सुरू करा आणि नव्या गाडीच्या मॉडेलपर्यंत या. मध्ये कुठंतरी "माझी काहीच योग्यता नसताना" हे घाला.

डिसेंबरात नाताळची गाणी घेऊन पोरं घरोघर फिरतील. तुमच्याकडे साधारण रात्री सव्वाअकराला येतील, कारण आधीच्या प्रत्येक घरी चहा झालेला असतो. दिवा चालू ठेवा, चांदणी लावा, करंज्यांचा डबा बाहेर काढा आणि एका गाण्यावर त्यांना सोडू नका. पाकीट सांताक्लॉजच्या हातात द्या. तो मुखवटा घातलेला माणूस दर वर्षी काकाच असतात. इतरांना त्या लाल कपड्यांत घाम येतो, असं समितीचं निरीक्षण आहे.

नाताळच्या दिवशी सकाळी सातलाच पुढच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरा. वर्षभर न दिसलेले लोक त्या दिवशी येतात आणि पुढं बसतात. मंडळी आपली आहे हे त्यांना कळायला नको का?

आणि मग एकतीस डिसेंबरची रात्र. अकराला उपासना सुरू, बाराच्या ठोक्याला गुडघे टेकून प्रार्थना, काका घंटा वाजवतात, बाहेर फटाके, आत हस्तांदोलनं, "नवीन वर्षाच्या शुभेच्छा", ज्यांच्याशी भांडण आहे त्यांना फक्त बोटांची टोकं. त्यानंतर वचनाचं ताट फिरतं. ताटात गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीत पवित्र शास्त्रातलं एक वचन, जे निघेल ते तुमचं वर्षभराचं. इथं तुम्ही पहिलीच चिठ्ठी पटकन स्वीकारून मोकळे व्हाल, म्हणून सांगतो. आधी उघडून वाचा. समृद्धीचं, शत्रूंच्या पराभवाचं, आयुष्य वाढवण्याचं असेल तर पाकिटात ठेवा. नसेल तर "अरे, दोन चिकटून आल्या वाटतं" असं पुटपुटत हळूच परत टाका आणि दुसरी घ्या. सगळेच करतात.

मला गेल्या वर्षी निघालं, "एकमेकांची ओझी वाहा." गलतीकरांस पत्र, सहावा अध्याय. आता नवीन वर्षाच्या पहिल्या पाच मिनिटांत हे काय वचन झालं? मी ती चिठ्ठी पुन्हा गुंडाळली, इतरांच्या खाली सारली आणि दुसरी घेतली. ती छान निघाली.

एक वाजत आला होता. लोक पांगले होते. मी मफलर शोधत मागं राहिलो, तेवढ्यात काका घंटेच्या दोराकडून हात पुसत आले. ताटात शेवटची एक चिठ्ठी उरली होती, ती त्यांनी उचलली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून वाचायला माझ्याच हातात दिली. गुंडाळी सैल होती आणि कडा दहा-वीस हातांनी मळलेल्या. मी वाचली.

"दर वर्षी हीच येते बघा," काका म्हणाले, चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि खुर्च्या एकात एक घालायला लागले.

अशा वेळी तुमची गाडी फाटकाबाहेर आधीच चालू करून ठेवलेली असावी.