कोळसा कधी थांबणार, ते आधी लिहून ठेवा

इंदूरच्या मराठी मंडळींत विजेवरून सध्या दोन तट पडलेले दिसतात. एका बाजूचं म्हणणं असं: महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढून जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला, रीवाची सौर वीज दिल्ली मेट्रोला जाते, मग सिंगरौलीत अॅल्युमिनियमसाठी कोळसा जाळायचं कारणच काय? दुसरी बाजू म्हणते, ऑस्ट्रेलिया स्वतः जगाला कोळसा विकतो, त्याने आपल्याला शहाणपण शिकवू नये.

मी ऑस्ट्रेलियातल्या ज्या क्वीन्सलंडमध्ये आहे तिथल्या ग्लॅडस्टन गावात या वादातलं सगळं एकाच ठिकाणी आहे. कोळसा निर्यातीचं बंदर आहे, 1,680 मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र आहे, बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढणाऱ्या दोन रिफायनऱ्या आहेत आणि जवळच बॉइन आयलंडवर वर्षाला सुमारे 5 लाख टन अॅल्युमिनियम गाळणारा कारखाना आहे. दुसऱ्या बाजूचा टोमणा खरा आहे, तो मान्य करूनच पुढे लिहितो. इथला दुटप्पीपणा दाखवून आपली राख कमी होत नाही.

पहिल्या बाजूने एक फरक समजून घ्यायला हवा. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला चढवणारा पंप दोन तास थांबला तर टाक्यांतल्या साठ्यावर शहराचं निभावतं. अॅल्युमिनियमच्या पॉटचं, म्हणजे ज्या भांड्यात विजेने अॅल्युमिनापासून धातू वेगळा करतात त्याचं, तसं नाही. पॉटमध्ये वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात अॅल्युमिना विरघळलेला असतो, तापमान साधारण 960 अंश, आणि ही उष्णता त्यातून जाणारा प्रवाहच टिकवतो. प्रत्येक पॉटवर जेमतेम सव्वाचार व्होल्ट, पण शेकडो पॉट एका माळेत (पॉटलाइनमध्ये) जोडलेले आणि प्रवाह लाखो अँपिअर. तासभर वीज गेली तर निभावता येतं. चार-पाच तास गेली की पॉटमधला हा रस (बाथ) गोठू लागतो, आणि गोठलेली पॉटलाइन पुन्हा चालू करायला महिने लागतात. डिसेंबर 2016 मध्ये व्हिक्टोरियातल्या पोर्टलंड कारखान्याची वीज वाहिनीतल्या बिघाडामुळे सुमारे पाच तास गेली, बरीचशी उत्पादनक्षमता बसली आणि कारखाना वाचवायला केंद्र आणि राज्य, दोन्ही सरकारांना मोठी मदत द्यावी लागली. तिथे चूक कोळशाची नव्हती, सूर्याचीही नव्हती.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण. सिंगरौली जिल्ह्यात बरगवांजवळ हिंदाल्कोचा महान अॅल्युमिनियम कारखाना आहे. क्षमता वर्षाला 3 लाख 59 हजार टन, शेजारी कंपनीचं स्वतःचं 900 मेगावॅटचं केंद्र, 150 चे सहा संच. टनाला साधारण 14 हजार युनिट धरा, म्हणजे पॉटलाइनला रात्रंदिवस 570 मेगावॅटच्या आसपास लागतात, वर कारखान्याची इतर वीज. केंद्र स्वतःच आठ-नऊ टक्के वीज खातं: कोळसा दळणाऱ्या मिल, पंखे, बॉयलरला पाणी देणारे पंप. एक संच ओव्हरहॉलला असताना पाच संच पुरून उरतात. पण त्या पाचांतला एक ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर चारांचे निव्वळ साडेपाचशेच हातात येतात. अशा वेळी ग्रिडमधून तातडीने वीज घ्यावी लागते, नाहीतर पॉटलाइनचा प्रवाह उतरवावा लागतो. आणि संच ट्रिप होतातच. बॉयलरची नळी फुटते. पावसाळ्यात ओला कोळसा साठवणीच्या बंकरला आणि खाली सोडणाऱ्या च्यूटला चिकटून मिलचा पुरवठा तुटतो. म्हणून "कोळसा म्हणजे खात्रीची वीज" हे वाक्य अर्धवट आहे. खात्री सहाव्या संचाने आणि ग्रिडच्या जोडणीने येते, आणि तिची किंमत कोणी मोजत नाही.

ग्लॅडस्टनला नेमकी हीच खात्री कोळशाशिवाय उभी करायचं काम चालू आहे. वीजकेंद्र 1976 ते 1982 दरम्यान उभं राहिलं, 280 मेगावॅटचे सहा संच. 1994 मध्ये राज्य सरकारने ते अॅल्युमिनियम कंपनीच्या पुढाकारातल्या गटाला विकलं. बॉइन आयलंडच्या कारखान्याला सतत सुमारे 900 मेगावॅट हवेत. त्यासाठी हा कारखाना चालवणाऱ्या रिओ टिंटो कंपनीने 2024 मध्ये अप्पर कॅलिओपच्या 1.1 गिगावॅट सौर प्रकल्पाची वीज आणि बंगाबनच्या 1.4 गिगावॅट पवन प्रकल्पाची बहुतांश वीज घ्यायचे करार केले, पुढे बॅटरीसह आणखी सौर वीज जोडली. आकडे पाहून दिपून जाऊ नये. सूर्याचे 1,100 मेगावॅट वर्षाच्या सरासरीत तीनशेच्या आतच पडतात. वाऱ्याचं बरं, तरी एक-तृतीयांशाच्या आसपास. उरलेली पोकळी बॅटरी, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून ठेवायचं, हवं तेव्हा खाली सोडून वीज काढायची) आणि ग्रिडने भरायची. शिवाय मोठी फिरती जनित्रं गेली की व्होल्टेज सावरायला सिंक्रोनस कंडेन्सर नावाची, इंधनाविना फिरणारी यंत्रं लागतात, नव्या वाहिन्या लागतात, आणि त्या उभ्या राहायला पॅनेल बसवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

म्हणूनच मला इथल्या एका नियमाचं महत्त्व पॅनेलपेक्षा जास्त वाटतं. 2016 च्या नोव्हेंबरात व्हिक्टोरियातलं 1,600 मेगावॅटचं हेझलवूड बंद होणार असं जाहीर झालं आणि पुढच्या मार्चमध्ये ते बंदही झालं. त्याआधी अँगलसीचं 150 मेगावॅटचं केंद्र असंच गेलं: पॉइंट हेन्रीचा अॅल्युमिनियम कारखाना 2014 मध्ये बंद पडला, केंद्राला गिऱ्हाईक मिळेना, आणि 2015 च्या ऑगस्टअखेर त्याची चूल विझली. कामगारांच्या हाती काही महिने होते. हेझलवूडनंतर नियम आला की वीजबाजारात वीज विकणाऱ्या केंद्राने बंद होण्याआधी किमान तीन वर्षं नोटीस द्यायची, आणि आता ती मुदत साडेतीन वर्षांची आहे. ग्लॅडस्टनची तारीख 2035 होती, ती मार्च 2029 पर्यंत अलीकडे येऊ शकते हे ऑक्टोबर 2025 मध्ये कळवलं गेलं. ही घाई अनेकांना पसंत नाही, भांडणं चालू आहेत. पण भांडायला एक तारीख तरी आहे.

आपल्याकडे कारखान्याच्या मालकीच्या केंद्रांबाबत अशी तारीख चर्चेत येतच नाही. वीज वापरणाऱ्यांची 26 टक्के मालकी आणि त्यांचाच 51 टक्के वापर या अटींत बसलं की केंद्र "कॅप्टिव्ह", म्हणजे स्वतःच्या वापराचं, ठरतं आणि लोकांच्या नजरेआड जातं.

युरोपचा कार्बन कर सगळं सोडवेल, ही आशाही सोडा. 2026 पासून तो लागू झाला खरा, पण अॅल्युमिनियमवर सध्या फक्त कारखान्यातलं थेट उत्सर्जन मोजतात. विजेसाठी जाळलेला कोळसा त्यात धरत नाहीत, आणि एका टनामागचा सर्वात मोठा बोजा तोच आहे.

राखेचा ढोबळ हिशेब करा. युनिटमागे 700 ग्रॅम कोळसा, त्यात 35 ते 40 टक्के राख. म्हणजे एक टन अॅल्युमिनियममागे साडेतीन ते चार टन राख, आणि तेवढ्या एका कारखान्यासाठी वर्षाला 12-14 लाख टन. केंद्र सरकारच्या 2021 च्या अधिसूचनेने सगळी राख वापरात आणायला सांगितलं आहे, पण सिमेंट आणि विटांसाठी सिंगरौलीहून लांब वाहून न्यायचा खर्च परवडत नाही, म्हणून ती तलावात साचते. तलावाचे बांध टप्प्याटप्प्याने उंचावतात, बरेचदा जुन्या राखेवरच. पाणी बांधापर्यंत येऊ दिलं, निचरा तुंबला, की आतली पाण्याची पातळी चढते आणि बांध पोटातून पोखरला जातो. एप्रिल 2020 मध्ये सिंगरौलीतल्याच सासन वीजकेंद्राचा राखेचा बांध फुटून सहा जणांचे जीव गेले. एवढ्या मोठ्या शहरांच्या राज्यात ही बातमी किती दिवस टिकली?

पर्याय कागदावरचा राहिलेला नाही. हिंदाल्कोने ओडिशातल्या आपल्या कारखान्यासाठी 100 मेगावॅट अखंड हरित विजेचा करार केला, त्यासाठी पंप्ड स्टोरेजच्या आधाराने सुमारे 375 मेगावॅट सौर-पवन क्षमता लागणार आहे. जवळजवळ चौपट. पंप्ड स्टोरेजची मोठी जागा आपल्याच माळव्यात, नीमच जिल्ह्यात गांधीसागरला आकार घेते आहे. सगळी पॉटलाइन उद्या हरित करा असं कोणी जाणता माणूस म्हणणार नाही. पण जुना एक संच अमुक वर्षी थांबेल, त्याच्या जागी इतकी अखंड वीज अमुक वाहिनीने येईल, हे लिहून घेता येतं.

इंदूरहून सिंगरौली लांब आहे, पण भोपाळच्या वीज नियामक आयोगाच्या मसुद्यांवर लेखी सूचना कोणीही पाठवू शकतो. माझ्या मते त्यांत हे मागावं: दर संचाची निवृत्तीची तारीख आणि तीन वर्षांची नोटीस, राखतलाव माती टाकून बंद करण्यासाठी आजपासून वेगळा ठेवलेला पैसा, बांधातल्या पाण्याच्या पातळीचे दरमहाचे आकडे खालच्या गावांच्या पंचायतीत लावलेले, आणि कंत्राटी कामगारांची नावं त्या नोटिशीतच, कायम कामगारांच्या बरोबरीने.